काजळी म्हशीवरून धरलेला अबोला

गुंजवणी धरणाच्या पाण्यापासून अर्ध्या तासाची चढण चढलं की धनगरांची सात घरं लागतात. त्यातलं शेवटचं घर बाजीचं. पण वाडीत त्याला सगळे पारूबाईचं घर म्हणतात, कारण तिथून येतो तो आवाज तिचाच. तिच्या जिभेला हाड नाही, असं सख्खी नणंदसुद्धा तोंडावर म्हणायची. एसटीच्या कंडक्टरशी, रेशनच्या दुकानदाराशी, धरणाच्या कामावर आलेल्या साहेबाशी, कुणाशीही ती पदर खोचून भांडली आहे. मात्र भांडण मिटल्यावर 'चुकलं माझं' हे दोन शब्द तिनं जन्मात कुणाला ऐकवले नव्हते. चुकली नव्हती असं मुळीच नाही. चुकायची, भरपूर चुकायची, पण कबूल करण्यापेक्षा डोंगर चढून उतरणं तिला सोपं वाटायचं.

बाजीचं सगळं उलटं. राग आला की त्याचं तोंड मिटायचं. मग दोन-दोन दिवस घरात जे काही बोलणं व्हायचं ते म्हशीच्या मार्फत. दावणीपाशी उभा राहून म्हशीच्या पाठीवर थाप मारायचा आणि म्हणायचा, "हिला सांग, कालवणात मीठ न्हाई." चुलीपुढून पारूबाई म्हशीलाच उत्तर द्यायची, "त्येला सांग, मिठाचा डबा हात लांब केला की घावतो." वाडीतली पोरं हे ऐकायला मुद्दाम कुडाला कान लावून बसायची. नवरा-बायकोनं सरळ एकमेकांशी बोलायचं नाही, जनावराशी बोलायचं, ही रीत तिथं जुनीच आहे. बाजीनं ती जरा जास्तच मनावर घेतली होती एवढंच. तिसऱ्या दिवशी राग उतरायचा आणि घर पूर्ववत व्हायचं. पंचवीस वर्षांच्या संसारात चार दिवसांपलीकडे अबोला कधी टिकला नाही.

ज्या म्हशीच्या पाठीवर त्या थापा पडायच्या तिचं नाव काजळी. आई मेलेलं ते रेडकू बाजीनं बोटानं दूध चाटवून वाढवलं होतं. तिसऱ्या वेताला काजळी व्याली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जी आडवी झाली ती उठेना. मान पोटाकडं वळवून पडून राहिली, कान गार पडले. बाजी शेजारी बसून रडत होता. मग वेल्ह्याहून जनावरांचा डॉक्टर सोमनाथ मोटरसायकलवर आला. त्यानं बाटली काढली, मानेच्या शिरेत सुई घातली आणि बाटली सावकाश रिकामी केली. "कॅल्शियम हाय, मावशी," तो म्हणाला, "दुधावाटं सगळं निघून गेलं, अंगात काय उरलंच न्हाई." चहा उकळून खाली उतरवेपर्यंत काजळी ढेकर देऊन उठून उभी राहिली. मेलेलं जनावर उठताना पारूबाईनं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि ती बाटली तिच्या मनात देव्हाऱ्यातल्या टाकांशेजारी जाऊन बसली.

पुढं काजळी भाकड राहिली. दोन वर्षं गाभण जाईना. खालची जमीन धरणात गेलेली, वरच्या रानात गवत किती असणार? पारूबाई म्हणायची विकू, बाजी म्हणायचा बघू. हे बघू-बघू ऐकून ती कंटाळली. मग कार्तिकात बाजी भातकापणीला बहिणीकडं उत्रोलीला गेला आठ दिवस, आणि तेवढ्यात किकवीकडचा एक व्यापारी टेम्पो घेऊन वाडीच्या खालच्या रस्त्याला आला. पारूबाईनं काजळीला स्वतः उतार उतरवली आणि टेम्पोत चढवली.

बाजी परतला, गोठ्यात गेला, रिकामी मेख पाहिली. तो ओरडला नाही. "मला इचारायचं तरी," एवढंच म्हणाला आणि तोंड मिटलं. यावेळी निरोप सांगायलाही काजळी नव्हती. दुसरी म्हैस होती, गवरी. पण तिच्याशी तो अक्षर बोलेना. चार दिवस गेले, आठ गेले, तीन आठवडे गेले. पारूबाईला आतून कळत होतं की यावेळी आपलं खरंच चुकलं. विकायलाही हरकत नव्हती, पण पाठीमागं विकायला नको होतं. ते दोन शब्द अगदी ओठांपर्यंत यायचे. उद्या म्हणू, असं ती रोज ठरवायची.

पौषात बाजीला ताप आला. साधा ताप म्हणून दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी तो मुलीला, मोहिनीला, स्वतःच्या मेलेल्या आईच्या नावानं हाक मारू लागला, आणि दुपारी त्याला झटके आले. झोळी करून खाली आणला, जीपनं वेल्हे, तिथून पुणे. महिनाभर तो मोठ्या इस्पितळात होता. वाचला. घरी आला तेव्हा हाडं तेवढी उरली होती, पण चालत आला, अंगण ओळखलं, गवरीला ओळखलं, आणि दारात उभ्या असलेल्या पारूबाईला पाहून त्यानं तोंड फिरवलं.

तिनं त्या क्षणी ठरवलं की आता पुरे. भांडीकुंडी तशीच टाकून ती त्याच्या पुढ्यात बसली. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुमास्नी इचारल्याबिगर इकाया नको व्हती. चुकलं." उभ्या जन्मात पहिल्यांदा. बाजीचे डोळे भरले. "जाऊ दे," तो म्हणाला, "तूबी काय सुखानं इकलीस व्हय?" पारूबाई पदरात तोंड घालून पोटभर रडली. मग त्याच्यासाठी पाणी आणायला आत गेली, तांब्या घेऊन बाहेर आली, तर बाजीनं तोंड फिरवलेलं. तिला वाटलं, थट्टा करतोय. ती हसलीसुद्धा. मग त्यानं मेखेकडं बोट दाखवलं आणि मोहिनीला विचारलं, "हिनं काजळी इकली, ठावं हाय का तुला?"

असं ते सुरू झालं. त्या दिवशी पारूबाईनं सात वेळा माफी मागितली आणि बाजीनं सातही वेळा मनापासून दिली.

मोहिनी भोरला कॉलेजात शिकत होती, आत्याकडं उत्रोलीला राहायची. तिनं सुट्टी काढली आणि दोघींनी बाजीला तपासणीला नेलं. इस्पितळात मेंदूच्या आजारांच्या डॉक्टर होत्या, शेफाली मॅडम. बाई तरुण, पण समजावून सांगण्याचा त्यांना कंटाळा नव्हता. पारूबाईनं विचारलं, "जुनं समदं ध्येनात हाय ह्यांच्या. मंग आत्ताचं का ऱ्हात न्हाई?"

मॅडमनी एका कागदाच्या पाठीवर दोन गोळे काढले, मध्ये जराशी फट ठेवून. "मेंदूत कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडं, एकेक वळलेला भाग असतो," त्या म्हणाल्या. "आजचं उद्यासाठी ठेवायचं काम त्याचं. तिथल्या पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. एकीनं निरोप टाकायचा, दुसरीनं उचलायचा. टाकणारीला टाकण्याआधी थोडं कॅल्शियम आत घ्यावं लागतं. आणि उचलणारीच्या अंगावर कॅल्शियमची खास दारं असतात. त्यांना बोळा लावलेला असतो. निरोप आला आणि नेमकी त्याच वेळी ती पेशी जागी असली, तरच तो बोळा निघतो आणि कॅल्शियम आत घुसतं. एकदम भरपूर घुसलं की पेशी तो सांधा पक्का करते, पुढचा निरोप उचलायला जादा हात लावते. तेच थोडं थोडं, रेंगाळत आलं तर सांधा उलट सैल होतो. शिकणं आणि विसरणं, दोन्ही त्यावर. आणखी एका जातीची दारं आहेत, ती पेशी चेतली की उघडतात आणि आत खोलवर खबर देतात, मग आठवण महिनोन् महिने टिकते."

"आन् ह्यांचं?"

"तापानं यांच्या पुष्कळ पेशी जळाल्या. उरलेल्यांवरची ती बोळ्याची दारं त्यांचंच रक्त परकी समजून उपटून काढतंय. त्यावर औषध सुरू आहे. बघू."

मॅडमनी यापुढंही बरंच सांगितलं. रक्तातलं कॅल्शियम ठीक आहे, असंही सांगितलं. पण पारूबाईचं मन 'कॅल्शियम' या शब्दाशीच अडलं होतं. सकाळी आडवी पडलेली काजळी तिला दिसत होती. तिला हसू नका. शिकल्या-सवरलेल्या माणसानं पुस्तकात वाचलेलं खरं मानावं, आणि हिनं डोळ्यांनी पाहिलेलं खोटं मानावं, असं कसं चालेल? रक्त ठीक आहे म्हणे. काजळीचं रक्त तरी सोमनाथनं कुठं तपासलं होतं?

ती परतीच्या वाटेवर सोमनाथच्या दवाखान्यात गेली. "येक बाटली ह्यांना लाव," ती म्हणाली. सोमनाथचा चेहरा पांढरा पडला. "मावशी, म्हशीची बाटली माणसाला लावली तर काळीज जागच्या जागी थांबंल. असलं बोलू बी नका." तिनं मान डोलावली. शिरेतून नको तर नको. तोंडातून तर चालेल? ते तिनं विचारलं नाही, कारण उत्तर नको होतं.

दुकानात दुभत्या जनावरांना पाजायचं कॅल्शियम मिळतं, पाच लिटरच्या डब्यात, वर गाईचं चित्र. पारूबाईनं तो डबा डोक्यावरून वाडीत आणला आणि कणगीमागं ठेवला. सकाळी अर्धा पेला, संध्याकाळी अर्धा पेला, ताकात गूळ घालून त्यात मिसळायचं आणि बाजीपुढं ठेवायचं. तो तिच्याशी बोलत नसला तरी तिच्या हातचं खात-पीत होता; अबोल्यातही अन्नावर राग काढायचा नाही हा त्याचा नेम. जोडीला नाचणीची आंबील, आणि अंड्याची टरफलं वाटून भाकरीत.

महिन्याभरात बाजी मऊ पडला. सारखी तहान तहान करायचा, दिवसा पेंगायचा, मेखेकडं बघायचा नाही की मोहिनीला काही विचारायचा नाही. पारूबाईला वाटलं, औषध लागू पडतंय, राग उतरतोय. तिनं पेला पुरा भरायला सुरुवात केली. पुढच्या आठवड्यात त्याला उलट्या सुरू झाल्या, आणि एका सकाळी हाक मारली तर तो डोळेच उघडेना.

पुन्हा झोळी, पुन्हा जीप, पुन्हा पुणे. शेफाली मॅडमनी रक्ताचा कागद पाहिला आणि विचारलं, "यांना काय देत होता?" पारूबाईनं सगळं सांगितलं. डब्यावरच्या गाईच्या चित्रासकट सांगितलं. मोहिनी शेजारी उभी होती, तिनं कपाळावर हात मारला. मॅडम आधी संतापल्या, नंतर त्यांनाच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी खुर्ची ओढून पारूबाईला बसवलं.

"बाई, कॅल्शियम कमी कधीच नव्हतं. पेशीच्या बाहेर ते आतल्यापेक्षा हजारो पटीनं जास्त असतं, नेहमीच. म्हशीला कमी पडलं होतं, यांना नाही. तुम्ही बाहेर आणखी ओतलंत, त्यानं मूत्रपिंडं बिघडली आणि मेंदूला गुंगी आली."

"म्हंजी धरण भरल्यालंच हाय," पारूबाई म्हणाली. "दरवाजं न्हाईत."

"हो."

"मंग दरवाजं बसवा की."

"उपटणं आम्ही थांबवू शकतो. उपटणं थांबलं की उरलेल्या पेशी नवी दारं स्वतःच लावतात. पण जळालेल्या पेशी परत येत नाहीत."

बाजी त्यातून उठला. औषधाच्या सलाइनी पुढंही चालू राहिल्या, दर महिन्याला एक. वैशाखात आठवडाभर अशी आशा वाटली की विचारू नका. गवरीच्या नव्या पारडीचं नाव मोहिनीनं सकाळी सांगितलं आणि ते बाजीला दुपारी सांगता आलं. पारूबाई वाडीभर सांगत फिरली. पण त्यापुढं गाडी सरकली नाही. पहिल्यांदा गोष्ट पाच मिनिटं राहायची, आता पंधरा-वीस मिनिटं राहते, तीही मध्ये लक्ष विचलित झालं नाही तर. कुत्रं भुंकलं, भांडं पडलं, कुणी हाक मारली, की संपलं. वर्षभरानं पुन्हा मेंदूचा फोटो काढला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "रक्त आता स्वच्छ आहे. जितकं परत यायचं तितकं आलं."

"तापाच्या आधीचं बी पुसून जातं म्हनं मानसांचं," पारूबाई म्हणाली. "मंग ह्यो राग तेवढा कसा ऱ्हायला?"

"तेवढे दिवस बहुतेकांचे जातात," मॅडमनी कबूल केलं. "यांचा तो राग कसा राहिला, मला खरंच सांगता येणार नाही."

"म्हंजी ह्यांच्या डोक्यात म्या मरंस्तवर आशीच? म्हस इकनारी?"

त्यावर मॅडमनी मेंदूचा फोटो पाकिटात घातला आणि पाकीट तिच्या हातात दिलं. पारूबाईला त्यांचा राग आला नाही. एवढं शिकलेली बाई कागद परत देते, तर मग खरंच इलाज नसणार, हे तिला तेव्हा पटलं.

तरी तिनं हातपाय हलवायचे सोडले नाहीत. मोहिनीनं एक वही आणली. बाजी चौथी शिकलेला. पारूबाईनं माफी मागितली, त्यानं दिली, आणि लगेच मोहिनीनं त्याच्या हातानं लिहून घेतलं: 'मी पारूवरचा राग सोडला आहे. बाजी.' दुसऱ्या सकाळी वही त्याच्यापुढं धरली. त्यानं वाचलं, अक्षर आपलंच आहे हे पाहिलं आणि वही दूर सारली. "म्या तापात आसताना हिनं लिवून घेतलं आसंल," तो मोहिनीला म्हणाला. "म्हस बी आशीच पाठीमागं इकली." आता एका रागाचे दोन झाले. वही चुलीत गेली.

मग पारूबाई खोटं बोलली. "काजळी हितंच हाय, वर रानात चरतीया," ती म्हणाली. बाजीचा चेहरा असा उजळला की तिला त्या खोट्याचं काहीच वाटलं नाही. ती गवत आणायला गेली. परत आली तर अंगण रिकामं. सगळी वाडी शोधायला निघाली. दुपारी तो खाली धरणाच्या काठाशी सापडला, गुडघाभर पाण्यात उभा, हाका मारून मारून घसा बसलेला. कशाला आलो हे त्याला सांगता येईना, पण कुणाला तरी हाक मारायची आहे एवढं ठाऊक होतं.

खरं सांगून माफी मागितली तरी तेच. त्यानं राग सोडला की लगेच म्हणायचा, "चल मंग, किकवीला जाऊन तिला परत आणू," आणि काठी उचलायचा. दोनदा तो रस्त्यापर्यंत उतरला होता. व्यापाऱ्यानं तर काजळी कधीच पुढं विकली होती. रागावलेला बाजी मात्र कुठं जायचा नाही. दारात बसायचा, तोंड मिटून, मेखेकडं बघत. तिथंच जेवायचा, तिथंच झोपायचा. तो घरातून हलू नये, एवढंच बघायचं असेल तर राग हाच चांगला.

म्हणून पारूबाईनं माफी मागायचं सोडलं. वाडीला वाटलं थकली. थकली होतीच, पण तेवढ्यासाठी नव्हे. तिनं हिशोबानं स्वतःला वाईट राहू दिलं. दिवसचे दिवस घरात शब्द नाही. जिच्या आवाजानं घर ओळखायचं ती चुलीशी, भाकरीशीसुद्धा हळू बोलू लागली. डेअरीवर कुणी दूध पातळ म्हटलं तरी भांडेना. आपण हिच्याशी इतकी वर्षं उगाच कचकच केली, असं नणंद आता म्हणते, आणि जुनी पारू परत आली तर बरं, असंही म्हणते.

गेल्या माघातल्या एका रविवारची गोष्ट. मोहिनी भोरहून आली होती. ऊन कलायला लागलं होतं. ती आणि बाजी दारात बसून पावट्याच्या शेंगा सोलत होते, आणि पारूबाई गोठ्यात गवरीची धार काढत होती. मध्ये नुसता कुड, सगळं ऐकू येतं.

"तुझी आय माझ्याशी बोलत न्हाई," बाजी म्हणाला.

"आबा, तुमीच न्हाई बोलत तिच्याशी."

बाजीनं आणखी एक शेंग सोलली. गोठ्यात पारूबाईचा हात थांबला होता.

"म्हस तर म्हस," तो म्हणाला. "गेली. एवढं काय धरून बसायचं? समदं एकटीच वढती, मोहने. वाळली बघ किती. हाक मार तिला. म्हणावं, ह्ये आता रागात न्हाईत."

कुणी सांगितलं नव्हतं, कुणी माफी मागितली नव्हती, वही नव्हती, खोटं नव्हतं. त्याचं त्यालाच ते आतून आलं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा. पारूबाईनं ते ऐकलं आणि ती इतक्या घाईनं उठली की पाय बादलीला लागला. बादली दगडावर आपटून गडगडली, गवरी बिथरून मागं सरली, पारडी ओरडली. बाजीनं दचकून मान वळवली.

पारूबाई दारात आली. हात दुधानं ओले, श्वास लागलेला, चेहरा नव्या नवरीसारखा लाल. बाजीनं तिच्याकडं पाहिलं. मग तिच्या मागं, गोठ्यातल्या रिकाम्या मेखेकडं पाहिलं. उघडलेलं तोंड तिच्या डोळ्यांदेखत परत मिटलं, आणि त्यानं शेंगांकडं मान फिरवली.

"हिला सांग," तो मोहिनीला म्हणाला, "दूध सांडू नको म्हणावं. आता एकच म्हस ऱ्हायलीया."

मोहिनी आईकडं बघून रडायला लागली. पारूबाई रडली नाही. आपण बसून राहिलो असतो तर, हळूच कुडाआडून यायचं, मोहिनीनं हाक मारेपर्यंत थांबायचं, एवढं जरी सुचलं असतं तर. पण तसं केलं असतं तरी वीसच मिनिटं, हेही तिला माहीत होतं. ती वीस मिनिटंसुद्धा तिच्याच पायानं सांडली.

"आये, आबा म्हणत व्हते..." मोहिनीनं सांगायला सुरुवात केली.

"ऐकलं म्या," पारूबाई म्हणाली. "त्येंच्यापुढं नको काढूस. काठी उचलत्याल."